उपडं ताट

सुनिल पेंदामने आपल्या मुलींवर कधी हात उचलला नाही. गावात हे सगळ्यांना माहीत आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल या तालुक्याच्या गावापुढे, जिथे धानाच्या बांध्या संपून सागाचं जंगल सुरू होतं, तिथलं हे गाव. इथे पोराच्या पाठीत दोन बसल्या तर शेजारी मान वळवून बघत नाहीत. त्यामुळे न मारणारा बाप लोकांच्या लक्षात राहतो.

त्याच्या घरची रीत वेगळी होती. मुलीची चूक झाली, की संध्याकाळी तिचं स्टीलचं ताट तिच्या जागेवर उपडं ठेवलेलं असायचं. शेजारी सुनिलचं ताटही उपडं. मुलीने आपण काय केलं ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. सांगितलं, की सुनिल दोन्ही ताटं सुलटी करायचा, तिला आपल्या हाताने वाढायचा, आणि तो विषय घरात पुन्हा निघायचा नाही. सांगेपर्यंत ती उपाशी, बापही उपाशी, आणि तिच्याशी कुणी बोलायचं नाही. बहुतेक वेळा भात निवायच्या आत ताटं सुलटी व्हायची.

ही रीत त्याने स्वतः बसवली होती, आणि तिच्यामागे त्याचा बाप होता. वारलू पेंदाम राईस मिलवर हमाल होता. दारू प्यायचा आणि पोरांना मारायचा. सुनिल आठ-नऊ वर्षांचा असताना वारलूने बाप्तिस्मा घेतला. दारू सुटली, मार सुटला नाही. आधी तो पिऊन मारायचा, नंतर प्रार्थना करून मारू लागला. मिलच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा खुंटीला टांगलेला असे. मारून झालं की तो पोराच्या डोक्यावर हात ठेवून पुन्हा प्रार्थना करायचा. आजही सुनिलच्या डोक्यावर कुणी हात ठेवला की त्याची मान खांद्यात जाते. पास्टरांनी ठेवला तरी जाते.

लग्नानंतर त्याने पहिलं काम केलं ते पट्टा नाल्यात फेकण्याचं. मुली झाल्या तेव्हा त्याने पास्टर दिनेश यांना विचारलं होतं, मारायचं नाही तर वळण लावायचं कसं? पास्टर म्हणाले होते, "शिक्षा झालेल्या गोष्टीची असते, भाऊ. शिस्त पुढे घडणाऱ्या माणसासाठी असते. आणि ज्याला लावता त्याच्यासोबत तुम्हीही थोडं सोसलं पाहिजे." सुनिलने हे मनात ठेवलं आणि त्यातून ताटाची रीत काढली. पुढे तो मंडळीचा वडील झाला, म्हणजे टिनाच्या छपराखाली जमणाऱ्या पंधरा-वीस कुटुंबांच्या चर्चचा कारभार पाहणाऱ्यांपैकी एक. तिथे तो इतर आईबापांनाही हीच रीत सांगायचा. दोन-तीन घरांनी ती उचललीही.

थोरली मयुरी तेरा वर्षांची. धाकटी निशा सात.

गेल्या वर्षी पोळा झाला, आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आला. या भागात त्या दिवशी लहान मुलं लाकडी नंदी सजवून घरोघर नेतात. लोक नंदीची पूजा करून पोराच्या हातावर बोजारा ठेवतात, म्हणजे खाऊ नाहीतर दोन-पाच रुपये. पेंदामांच्या घरी हे चालत नव्हतं. सुनिल त्यावर भांडत नसे, फक्त मुलींना त्या दुपारी चर्चमध्ये पाठवायचा. रंजीताबाई तिथे रविवारच्या शाळेच्या मुलांची गाणी बसवून घ्यायच्या.

निशाला नंदी पाहिजे होता. आठवडाभर तिने आईच्या मागे टुमणं लावलं. शेवटी आईने, रीताने, शेजारच्या बुधरीकडून चाकांचा एक जुना नंदी मागून आणला आणि झेंडूची माळ स्वतः ओवली.

"बाबानं विचारलं तं?" मयुरीने विचारलं.

"मी पाहून घेईन. तू फक्त हिच्यासंग राह्य. रस्त्यावर गाड्या असतात."

दोघी गेल्या. निशाचा नंदी बोजाऱ्याचा डबा भरून परत आला.

सुनिलही बापासारखा राईस मिलवरच कामाला होता. तिसऱ्या दिवशी तिथे, पोती उतरवताना, झिंगू हमालाने सगळ्यांसमोर आवाज दिला, "काय सुनिलभाऊ! येशूच्या घरचा नंदी यंदा लय सजला होता म्हणतात!"

"कोणाचा?"

"तुमचाच, भाऊ! माह्या पोराले चार बिस्किटं भेटली अन् तुमच्या निशाचा डबा भरला. नवा गडी लय चालू निघाला!"

पोत्यांवर बसलेले सगळे हसले. सुनिलही हसला. घरी येऊन त्याने चपला काढल्या आणि मयुरीला विचारलं, "तान्ह्या पोळ्याच्या दुपारी कुठी होतीस?"

मयुरीने चुलीपाशी बसलेल्या आईकडे पाहिलं. रीता भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

"रंजीताबाईकडे. गाण्याच्या प्रॅक्टिसले."

सुनिलने दोन ताटं घेतली आणि उपडी ठेवली.

त्याला नंदीचा राग नव्हता, खोटं बोलण्याचा होता, असं तो सांगतो. हे खरं असावं. रीता एक वाक्य बोलली असती तर ताटं सुलटी झाली असती. ती ते बोलली नाही. कारण विचारलं तर ती एवढंच म्हणते, "थोड्या वेळानं सांगीन, असं करत राह्यली मी." निशाने तोंड उघडलं, तेव्हा रीताने तिच्याकडे नुसतं पाहिलं. निशा खाली मान घालून भात खाऊ लागली. मयुरीला सांगायचं तर आईचं नाव घ्यावं लागलं असतं. तिने घेतलं नाही. भात निवला, झाकला गेला, आणि ताटं तशीच राहिली.

दोघी बहिणी एरवी दिवाणवर झोपायच्या, मच्छरदाणी खोचून. निशा झोपताना बडबड करते, आणि मयुरीशी तर बोलायचं नव्हतं. मयुरीने स्वतःच चटई उचलली आणि पुढच्या खोलीत धानाच्या पोत्यांजवळ अंथरली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला कुणी थांबवलंही नाही.

सकाळी रीता पाणी आणायला बोअरिंगवर गेली होती. निशा झोपेत होती. सुनिल अंघोळ करून कामावर जायला निघाला, तेव्हा मयुरी चटईवर पोट धरून बसली होती. मागच्या दारात तिने ओकल्याचं दिसत होतं. सुनिल तिच्यासमोर उकिडवा बसला.

"दुखते?"

तिने मान हलवली.

"उपाशी पोटी दुखनच. मलेही भूक लागली. बोल न मायबाई. एकच तं गोष्ट हाये. बोललीस की संपलं."

तिने तोंड उघडलं. नाकातून अस्पष्ट आवाज आला. तिने पुन्हा प्रयत्न केला. ती त्याच्याकडे बघत होती, पण तिच्या पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या, आणि त्या वर जात नव्हत्या. सुनिलने ते पाहिलं. त्याला तो उर्मटपणा वाटला. बाप विनवतो आहे आणि पोरगी डोळे मिटून घेते आहे.

"ठीक हाये," तो म्हणाला. "तुही मर्जी."

आणि तो गेला. मिलवर झिंगूने डबा उघडून पोहे पुढे केले, तेव्हा सुनिलने ते खाल्ले. उपडं ताट असताना तो बाहेर कुठे जेवल्याची ती पहिली वेळ होती.

रीता पाणी घेऊन आली तेव्हा मयुरी भिंतीला टेकून कलली होती. लाळ गळत होती. रीताने हाक मारली, गाल थोपटले, मग ओरडली. बुधरी धावत आली. तिने मयुरीची पापणी बोटाने वर केली आणि सोडली. पापणी दगडासारखी खाली आली.

"मण्यार हाये वं, रीता. माह्या जावेले असंच झालं होतं."

"कुठीच तं काई दिसून नाई राह्यलं! ना सूज, ना रक्त!"

"मण्यारचं दिसत नाई. तू गाडी बोलाव आधी."

मण्यार चावल्याचं माणसाला बहुतेक कळत नाही. झोपेत मुंगी चावल्यासारखं वाटतं, नाहीतर तेही नाही. मग पोट दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलता येत नाही. शेवटी श्वास घेणारे स्नायू थांबतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्यांना हा साप गाठतो. दुपारी शेजाऱ्यांनी पोती हलवली तेव्हा तो मागेच होता. काळा, अंगावर पांढरे पट्टे. त्यांनी त्याला मारलं. त्याचा उपयोग काही नव्हता.

मिलमध्ये यंत्र चालू असताना फोन ऐकू येत नाही. गावातला एक जण मोटारसायकल घेऊन गेला आणि झिंगूने आत धावत जाऊन सुनिलचा दंड धरला. तालुक्याच्या दवाखान्यात सुनिल पोहोचला तेव्हा मयुरीच्या घशात नळी घातलेली होती. सापाचं औषध सुरू झालं होतं, पण तिचा श्वास तिचा स्वतःचा राहिला नव्हता. एक नर्स रबराचा फुगा दाबून हवा आत ढकलत होती. तिला चंद्रपूरला न्यायचं ठरलं.

रुग्णवाहिकेत डॉक्टरला सलाईन आणि औषध बघायचं होतं. नर्सने फुगा सुनिलच्या हातात दिला.

"दाबा... सोडा. दाबा... सोडा. माझ्याकडे पाहू नका, तिच्या छातीकडे पाहा. वर आली पाहिजे."

सुनिलने दाबलं.

"जोरात नाही, भाऊ. फुप्फुस फाटेल. हळू."

गाडी खड्ड्यांतून चालली होती. रीता मुलीच्या पायाशी बसली होती. मूल गाव मागे पडलं आणि रस्ता जंगलात शिरला, तेव्हा ती पुढे सरकली आणि मयुरीच्या कानाशी तोंड नेऊन बोलू लागली. नर्स समोर होती, डॉक्टर समोर होता. तिने कुणाची पर्वा केली नाही.

"मयुरी, म्या पाठवलं होतं तुले. आयकतेस न? नंदी म्याच आणला बुधरीकडून. माळही म्याच केली. तुह्या बाबाले सांगून राह्यली मी, पाह्य. सांगतलं मी आता. तू काईच नाई केलं. संपलं आता, मायबाई. ताट सुलटं हाये तुहं."

मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. "आयकलं न तुमी?"

सुनिल दाबत होता आणि सोडत होता. चंद्रपूरपर्यंत तो तिच्या छातीकडेच बघत राहिला.

अतिदक्षता विभागाच्या दारात एका तरुण डॉक्टरने विचारलं, "त्रास कधी सुरू झाला? सकाळी हिला कोणी पाहिलं होतं?"

रीता म्हणाली, "मी पाण्याले गेली होती, साहेब."

डॉक्टरने सुनिलकडे पाहिलं.

"मी निघालो तेव्हा झोपली होती," सुनिल म्हणाला.

हे वाक्य त्याने पुढे पुष्कळदा सांगितलं. पोलीस पाटलाला सांगितलं, भेटायला आलेल्या नातेवाइकांना सांगितलं, मिलच्या मालकाला सांगितलं. प्रत्येक वेळी ते थोडं सोपं गेलं.

मयुरी वाचली. श्वास परत यायला वेळ लागला. आधी एक बोट हललं, मग भुवई, मग पापणी. नळी निघाल्यावर तो तरुण डॉक्टर आईबापांना म्हणाला, "एक सांगतो. या सापाच्या विषात पेशंट बेशुद्ध दिसतो, पण बहुतेक वेळा तो आतून जागा असतो. हलता येत नाही, डोळे उघडता येत नाहीत. ऐकू मात्र येतं."

रीताने पदर तोंडाशी धरला.

"सगळंच?" सुनिलने विचारलं.

"बरंचसं. तिलाच विचारा ना आता."

त्याने विचारलं नाही. मयुरीचा आवाज घोगरा झाला होता, पण ती बोलत होती. आईशी, निशाशी, बाजूच्या खाटेवरच्या बाईशी. बापालाही ती उत्तरं द्यायची. पाणी पाहिजे, नको, दुखत नाही. गावात सगळे म्हणत की पोरगी अगदी पहिल्यासारखी झाली. फक्त बाप खोलीत आला की ती त्याच्या चेहऱ्याकडे बघायची आणि थोडं थांबायची, जसा एखादा माणूस दुसऱ्याचं बोलणं सुरू व्हायची वाट बघतो. सुनिल मच्छरदाणी ठीक करायचा, नाहीतर बाहेर जायचा.

पास्टर दिनेश यांनी साक्ष मागितली. देवाने काय केलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं, ही इथली पद्धत आहे. "भाऊ, तुम्ही वडील आहात. लोकांना बळ मिळेल," ते म्हणाले. सुनिलने नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

त्या रविवारी चर्च भरलं होतं. सुनिल इस्त्रीचा शर्ट घालून पुढे उभा राहिला.

"पोरगी झोपेत होती. आमाले कोणालेच काई मालूम नव्हतं. मी कामावर गेलो. डॉक्टरनं हात टेकले होते, पण प्रभूनं माही लेक मले परत देली."

लोकांनी हालेलुया म्हटलं. बायकांच्या बाजूला दुसऱ्या ओळीत मयुरी बसली होती. गळ्याशी ओढणी धरून ती बापाकडे बघत राहिली.

पास्टरांनी नंतर उपदेश केला तो घर सोडून गेलेल्या मुलाच्या दाखल्यावर, म्हणजे येशूने सांगितलेल्या गोष्टीवर. सुनिलच्या साक्षीला जोडून त्यांनी तो निवडला होता. सगळं उधळून परत येताना मुलाने वाटेत सगळं पाठ केलं होतं, ते म्हणाले, बापासमोर काय काय कबूल करायचं ते. पण बापाने त्याला लांबून पाहिलं आणि तोच धावला. मुलाचं बोलणं पुरं व्हायच्या आत बापाने त्याच्यासाठी चांगले कपडे मागवले.

घरी जाताना मुली पुढे होत्या. रीता म्हणाली, "हा दाखला कितीदा आयकला असन आपण. थो बाप पोरगा बोलायची वाट पाहत नव्हता, हे ध्यानातच नाई आलं माह्या."

"माह्याही," सुनिल म्हणाला.

संध्याकाळी रीताने भात आणि सुकटाची चटणी केली. निशाने चार ताटं मांडली. सुनिल हात धुऊन आला, आपल्या जागी बसला आणि त्याने आपलं ताट उपडं केलं. फक्त आपलं.

रीताचा हात भाताच्या पातेल्यावर थांबला.

"हे काय नाटक लावलं आता?"

त्याने उपड्या ताटावर हात ठेवला.

"पोरगी मरता मरता वाचली अन् तुमचं ताट अजून सुरूच हाये काय? कोणाले उपाशी ठेवता आता?"

"कोणाले नाई. मलेच."

"काऊन?"

सुनिलने तोंड उघडलं. घरातली रीत त्याची होती, शब्द काय असायला पाहिजेत हे त्याला सगळ्यांत चांगलं माहीत होतं. पण ते निघाले नाहीत. निशा एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघत होती. भाताची वाफ कमी होत होती.

मयुरी उठली. तिने बापासमोरचं ताट उचललं, सुलटं केलं, आईच्या हातातून चमचा घेतला आणि भात वाढला. बाजूला चटणी ठेवली.

"जेवा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "बोलायचं असन तं जेवून बोला."

"असं नसते, मयुरी. आधी..."

"मले मालूम हाये कसं असते थे. थंडा होते भात."

तो जेवला. बाकीचेही जेवू लागले. शेवटचा घास गिळल्यावर सुनिलने ताटातच हात धुतला आणि मान वर न करता म्हणाला, "त्या दिवशी मी निघालो तेव्हा तू झोपली नव्हतीस. तुह्या पापण्या पडून राह्यल्या होत्या. मले दिसलं होतं. तू बोलायले पाहत होतीस. मले वाटलं मस्ती करतेस. मी पाहून गेलो, अन् मिलवर जाऊन पोहे खाल्ले."

"हो," मयुरी म्हणाली.

मग रीता बोलली. तिचा आवाज चढला नव्हता.

"डॉक्टरनं विचारलं होतं न तुमाले."

"हो."

"दारातच विचारलं होतं. मी बाजूलेच उभी होती."

"हो."

"अन् आज चर्चमध्ये?"

सुनिलने मान हलवली. रीता त्याच्याकडे बघत राहिली. त्या घरात बोलून झालं की विषय संपायचा. हा संपला नाही. तिने आपलं अर्धं जेवलेलं ताट बाजूला सारलं, उठली आणि अंगणात जाऊन उभी राहिली. पुढे कित्येक आठवडे ती नवऱ्याशी कामापुरतंच बोलली. सुनिलने वडीलकी सोडली आणि पास्टरांना कारण सांगितलं. पास्टरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला, आणि मग तो खाली घेतला.

पण त्या संध्याकाळी अजून ताटं पडून होती. निशाने हळूच विचारलं, "ताई, बाबाची शिक्षा संपली काय?"

मयुरीने दाराबाहेर उभ्या आईकडे पाहिलं.

"शिक्षा नव्हती वं," ती म्हणाली. "चाल, ताटं घे. घासून टाकू."